जिभेखालची गोळी

आमच्या क्रेनवाल्याला सगळे घुम्या म्हणतात. सकाळी कामावर आला की पंधरा मिनिटं कुणाशी बोलत नाही. साहेब समोर आले तरी नुसती मान हलवतो. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी क्रेनखाली उभा राहून हातांनी खुणा करणारा माणूस. दोन-दोन टनांचं लोखंड माझ्या डोक्याशेजारून जातं, आणि ज्याच्या हातात माझा जीव त्याला माझ्या ‘काय रे’ला उत्तर देता येऊ नये? एकदा चिडून मी त्याचा दंडच धरला. त्याने शांतपणे आ केला आणि जीभ वर उचलली. खाली एक गोळी विरघळत होती.

नंतर त्याने सगळं सांगितलं. पाठीच्या ऑपरेशननंतर दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. बायकोने माहेरी जायला पिशवी भरली तेव्हा हा डॉक्टरकडे गेला. ही गोळी त्या व्यसनावरचं औषध. गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. “कुणाला बोलू नकोस,” म्हणाला. मी नाही बोललो. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाने एवढं पोटात ठेवलं, त्याचं कौतुक कुणाला नाही.

मग एका सोमवारी फळ्यावर कागद लागला. शुक्रवारी सगळ्यांची लघवी तपासणार, नशेचं काही सापडलं तर नोकरी गेली.

मंगळवारी सकाळी घुम्या फाटकातूनच ओरडला, “काय मंडळी, कसं काय?” सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. “अरे, घुम्याला वाचा फुटली!” मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. हा बोलतोय म्हणजे जिभेखाली काही नाही.

गुरुवारी त्याला जांभयांवर जांभया येत होत्या, नाक गळत होतं, शर्ट घामाने भिजला होता. तरी वर केबिनमध्ये जाऊन बसला. पहिलीच तुळई उचलली ती हेलकावे खात माझ्याकडे आली. मी दोन्ही हात फाकवून थांबायची खूण केली. ही खूण कुणीही करो, क्रेनवाल्याने थांबायचंच, हा आमचा कायदा. तुळई कशीबशी खाली टेकली. तो कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरला.

“अक्कल गहाण टाकलीस का?” मी ओरडलो.

“उद्या लघवीत या गोळीचाच अंश सापडला तर?”

“आणि आत्ता हात चुकला असता तर? खाली मी उभा होतो रे!”

तो पायरीवर मटकन बसला. “डॉक्टरांची चिठ्ठी आहे खिशात. पण ती दाखवली की मी घुम्या राहत नाही. गर्दुल्ला होतो.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “पूर्वी जिथून चोरून गोळ्या घ्यायचो, त्या जुन्या गल्लीच्या तोंडापर्यंत काल जाऊन आलो.”

तेव्हा मी खरा घाबरलो. नोकरी दुसरी मिळेल, पण हा त्या गल्लीत एकदा शिरला की परत कसला येतोय! “हात जोडतो तुला,” मी म्हणालो, “घरी जा आणि गोळी घे.” त्याला ताप आलाय, असं मी मुकादमाला सांगितलं.

शुक्रवारी रांगेत तो माझ्यापुढे होता. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “काही औषधं चालू आहेत का?” तो गप्प. “अहो, तुम्हालाच विचारतेय.” मागून कुणीतरी हसलं. माझा जीव टांगणीला लागला. त्याने खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि तोंडाकडे बोट दाखवलं. बाईंनी ती मनातल्या मनात वाचली, हे त्यांचे उपकार. “बसा,” त्या म्हणाल्या, “विरघळू द्या, मग बोलू.”

निकाल अजून नाही. त्याच्या डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत त्याला क्रेन बंद, गोदामात बसवलंय. कुजबुज सुरू झालीच आहे. शनिवार-रविवार माझ्या डोक्यात तीच गल्ली घोळत होती. सोमवारी कामावर आलो तो आधी गोदामात डोकावलो. तो खोकी रचत होता.

“काय रे, कसा आहेस?” मी विचारलं.

त्याने उत्तर दिलं नाही. नुसती मान हलवली. मला इतकं बरं वाटलं की दाराला टेकून मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.