टोपीवाल्याची दाढी

माझ्या मुलीचं लग्न एका न्हाव्याच्या खुर्चीपायी मोडता मोडता राहिलं. खुर्ची आमची नव्हती, मुलाकडच्यांचीही नव्हती. ती एका इंग्रजी सिनेमातली होती.

मुलगा रश्मीने स्वतःच पसंत केला होता. निखिल वैरागडे, तिच्याच ऑफिसातला. आम्हा मोठ्या माणसांना फक्त एकमेकांना भेटायचं, पोहे खायचे आणि हो म्हणायचं, एवढंच काम उरलं होतं. तेवढं मला जमेल, असं घरच्यांना वाटलं होतं.

रविवारी दुर्गहून वैरागडे मंडळी भिलाईला, जुनवानीच्या आमच्या घरी आली. वैरागडे साहेब रसमड्याच्या एका कारखान्यात मॅनेजर, मी प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात. दोघंही मूळचे विदर्भातले, दोघंही चष्मेवाले, दोघांनाही बोलायला विषय नाही. ऊन झालं, रस्त्यावरचे खड्डे झाले, मग आम्ही दोघं पंख्याकडे पाहत बसलो. शेवटी निखिललाच दया आली.

"बाबांना जुने क्राइम पिक्चर फार आवडतात," तो म्हणाला. आणि वैरागडे साहेबांनी त्यांच्या सगळ्यात लाडक्या सिनेमाचं नाव घेतलं.

मी पोह्याची बशी खाली ठेवली. तो माझाही सगळ्यात लाडका सिनेमा होता! (नाव सांगत नाही. पुढे माझी जी शोभा झाली, त्यात त्या सिनेमाचा काही दोष नाही.)

प्लांटमध्ये नवीन लागलो होतो, लग्न व्हायचं होतं, तेव्हा एका मित्राच्या क्वार्टरमध्ये मी तो सीडीवर पाहिला. पांढरी टोपी घातलेला एक खुनी आणि त्याचा जाडा साथीदार. दोघं निळ्या गाडीतून कुणाला तरी मारायला निघतात आणि वाटभर आइस्क्रीम चाटून खावं की चावून, यावर भांडतात. पुढे टोपीवाला दाढी करायला जातो, आणि तिथेच, गालाला फेस लागलेला असताना, कुणीतरी त्याला गोळी घालतं. शिवाय सगळी गोष्ट म्हणे मागेपुढे करून सांगितलेली. असला सिनेमा आम्ही जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी दुर्गच्या बाजारातून पांढरी टोपी आणली. ती घालून घरी गेलो तर माझे वडील म्हणाले, "प्लांट सोडून अंपायर झाला का तू?"

तर वैरागडे आणि मी दहा मिनिटांत सख्ख्या भावांसारखे बोलायला लागलो. आमच्या बायका निश्चिंत होऊन चहा करायला गेल्या. तिथे त्यांची चूक झाली.

"अन् त्यातली सगळ्यात मोठी कमाल कोणती सांगू?" मी म्हणालो. "पिक्चर मधातच संपते. सगळ्यायची नावं खालून वर जातात. आपल्याले वाटते, चला, झालं. अन् मग पिक्चरचं नाव येते अन् पिक्चर सुरू होते. एवढी हिंमत कोण करते सांगा?"

वैरागडे हसले. "नाही जी. नाव तर सुरुवातीलेच येते."

"मधात येते."

"सुरुवातीले येते. सगळ्याच पिक्चरमध्ये येते."

"म्हणून तर ते सगळे पिक्चर आपण विसरलो," मी म्हणालो. हे वाक्य मी प्लांटच्या क्लबमधल्या एका भाषणात वापरलं होतं आणि तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वैरागड्यांनी वाजवल्या नाहीत.

"बरं, शेवटी काय होते?" त्यांनी विचारलं.

"टोपीवाला मरते. न्हाव्याच्या खुर्चीत."

"तो मधात मरते. शेवटी तो गाडीत बसून हसत हसत निघून जाते."

"मेलेला माणूस?"

"तेच तर त्या पिक्चरचं आहे न, साहेब. तुम्ही पाहिला आहे ना नक्की?"

हा प्रश्न मला लागला. मी म्हणालो, "पाहिला म्हणजे? मी त्याच्यावर भाषण दिलं आहे." ते म्हणाले, "भाषण तर कोणीही देते." मी म्हणालो, "काही लोकं पिक्चरमध्ये झोपून राह्यतात." तेवढ्यात चहा आला. वैरागड्यांनी चहा उभ्यानेच संपवला आणि दारात चपला घालताना म्हणाले, "ठीक आहे. कळवतो."

गाडी वळली तशी माझी बायको सुनंदा माझ्याकडे वळली.

"'कळवतो' म्हणजे काय होते, माहीत आहे न तुमाले?"

"त्यायनं सुरुवात केली."

"टोपीवाला जगो नाहीतर मरो, तुमचं काय जाऊन राह्यलं होतं?"

रश्मी रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "पप्पा, लोगों की शादी हुंड्यावरून तुटती है. मी ऑफिसमध्ये काय सांगू? न्हाव्यावरून?"

आठवडा गेला तरी दुर्गहून फोन नाही. मी रोज संध्याकाळी मोबाइल चार्ज आहे का ते पाहत होतो. सुनंदा जेवायला वाढत होती, पण माझ्याकडे न पाहता, त्यामुळे एक दिवस भाजी ताटाबाहेर पडली. मला वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर मनात हेही होतं की नाव मधातच येतं.

शेवटी मुलांनीच तोडगा काढला. पुढच्या रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं आणि तो सिनेमा टीव्हीवर एकत्र पाहायचा. जो चुकेल तो माफी मागेल. वैरागडे लगेच हो म्हणाले. मीही. एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो. हा सिनेमा होणाऱ्या विहिणींसोबत बसून पाहण्यासारखा नव्हता.

पहिल्याच मिनिटाला टीव्हीवर सिनेमाचं नाव झळकलं. वैरागडे माझ्याकडे पाहून चिवडा खाऊ लागले.

"यांनी बदललं आहे," मी म्हणालो. "हे ऑनलाइनवाले काहीही करतात."

मग शिव्या सुरू झाल्या. सुनंदाने रिमोट हातात घेतला आणि प्रत्येक शिवीला आवाज कमी करू लागली. शिव्या इतक्या होत्या की जवळपास मूकपटच झाला.

"काय म्हणला तो?" वैरागडे वहिनींनी विचारलं.

"तब्येत विचारून राह्यला," मी म्हणालो.

"फारच विचारते बाप्पा."

पुढे एक मुका आला, तेव्हा मी उठून सगळ्यांना पाणी दिलं. मुका संपेना, म्हणून परत एकदा दिलं. पण टोपीवाला वहिनींना आवडला होता. तो दाढीला बसला आणि गोळी सुटली, तेव्हा त्यांचा चिवड्याचा हात तिथेच थांबला.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "दाढीही पुरी नाही झाली."

सिनेमा अर्धाच झाला होता. मग पडद्यावर खुनाच्या आधीची सकाळ आली, आणि टोपीवाला जिवंत, गाडीत आइस्क्रीम चावून खाताना.

"अहो, हा तर मेला होता न?" वहिनी सरसावून बसल्या. "बरं झालं, परत आणला."

शेवटी टोपीवाला हसत गाडीत बसून निघून गेला, आणि त्याच्यामागे नावं खालून वर गेली. मी त्या नावांकडे पाहत राहिलो. ती मी आधी पाहिली होती, पण अर्ध्यात.

रश्मीने टीव्ही बंद केला. "पप्पा, तुम्ही सीडीवर पाहिला होता न? कितनी सीडी थी?"

"दोन."

"पहले कौनसी लगाई?"

"एक नंबरची. नंबर लिहिले होते वर. स्केच पेननं."

"कोणी लिहिले होते?"

"सीडीवाल्यानं," मी म्हणालो, आणि पुढचं मला न सांगताच कळलं. त्याने नंबर उलटे टाकले होते. आम्ही उत्तरार्ध आधी पाहिला, पूर्वार्ध नंतर. ज्याची गोष्ट मागेपुढे केली म्हणून जग नावाजतं, तो सिनेमा अख्ख्या भिलाईत फक्त आम्ही सरळ पाहिला होता. सकाळ आधी, खून नंतर. आणि सीडीवाल्याच्या स्केच पेनवर मी क्लबात पाऊण तास बोललो होतो.

निखिल तोंड फिरवून हसत होता. मी हात जोडले आणि म्हणालो, "वैरागडे साहेब, चूक माझी आहे. माफ करा."

मला वाटलं, आता हा माणूस जन्मभर ऐकवेल. ते मला हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेले आणि दार ओढून घेतलं.

"एक विचारू?" ते हळूच म्हणाले. "कोणाले सांगू नका. मले हा पिक्चर तेव्हाही समजला नव्हता, आजही नाही. मित्र वा वा करत, म्हणून मी पण केलं. मले वाटे, मागेपुढे आहे म्हणून समजत नसन. तुम्ही तर सरळ पाह्यला. आता सांगा, त्या टोपीवाल्याले मारलं कावून?"

मी बराच विचार केला. खाली एक गाय रस्ता ओलांडत होती, तिच्याकडेही पाहिलं.

"वैरागडे साहेब," मी म्हणालो, "मले वाटे, मागेपुढे आहे म्हणूनच मले समजला नाही."

आमचं हळू बोलणं बहुतेक फार हळू नव्हतं. आतून ताटं मांडता मांडता वहिनींचा आवाज आला, "अहो, आइस्क्रीमच्या दुकानात त्यानं ज्याले उडवलं, तो त्या न्हाव्याचा भाऊ होता न."

"न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर फोटो होता दोघांचा," सुनंदा म्हणाली. तिने तर अर्धा सिनेमा रिमोटकडे पाहण्यात घालवला होता.

मग वैरागड्यांनी घसा साफ केला. "तर मग साखरपुडा कवा ठेवायचा, व्याही?"

त्या 'व्याही'ने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण उत्तर मी शुद्धीवर राहूनच दिलं.

"तारखा बायकांनाच काढू द्या," मी म्हणालो. "आपण काढल्या तर लग्न आधी होईल अन् साखरपुडा मागून."