पुढं चालणारा माणूस

भिकाजी ओव्हाळ फौज सोडून पवनानगरला आले, ते तीन वर्षांच्या लेकीसाठी. बायको काविळीनं गेली होती आणि यशोधराला सांभाळायला शेजारच्या भामाबाईंशिवाय कुणी नव्हतं. नातेवाइकांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आमचं दोघांचं भागतंय."

भागत मात्र नव्हतं. भाकरी तव्यावर टाकताना तुटायची. वेण्या ते इतक्या आवळून घालायचे की यशोधराचे डोळे ताणले जायचे आणि शाळेत पोरी हसायच्या. तिला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा ते भामाबाईंना बोलावून आले आणि स्वतः दिवसभर धरणाच्या काठी जाऊन बसले. संध्याकाळी परतले ते जिलेबीचा पुडा घेऊन. यशोधरा जिलेबी खाताना मान खालीच घालून होती, आणि तेही.

शाळेची वाट खाचरांच्या बांधावरून होती. भिकाजींना ती अण्णा म्हणायची. अण्णा पुढं, ती मागं. त्यांचा पाय जिथं पडेल, तिथंच तिनं पाय ठेवायचा, असा त्यांचा दंडक होता. दहा वर्षांची असताना एकदा करवंदं दिसली म्हणून ती बांध सोडून जाळीकडे पळाली. अण्णांनी धावत जाऊन तिला असा हिसका दिला की दप्तर लांब जाऊन पडलं. मग तेच मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

"अण्णा, काय झालं?"

"लंकेत व्हतो आमी, सत्त्याऐंशी साली," ते म्हणाले. "मला ताप व्हता, म्हनून माझ्या जागी धोंडिबा पुढं चालला. त्याचा पाय सुरुंगावर पडला. मी मागं व्हतो, म्हनून हाय."

महार रेजिमेंटातल्या त्या दिवसाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

यशोधरा शिकली, तळेगावच्या एका कंपनीत लागली आणि सोमाटण्याला भाड्यानं राहू लागली. अण्णांना तिनं आणून पाहिलं. आठवड्यातच ते परत गेले. "तितं दिवसभर कुनाशी बोलायचं गं?"

इकडं धरणाच्या काठी तंबू उभे राहिले होते. शनिवार आला की मुंबई-पुण्याची पोरं यायची, वाढदिवसाचे फटाके फुटायचे. पहिला बार उडाला की अण्णा भिंतीला पाठ लावून खाली बसायचे. एकदा ते कॅम्पवाल्या पप्पूकडे जाऊन हात जोडून उभे राहिले.

पप्पू ओशाळला. "आबा, हात नका जोडू. मी सांगतो त्यांना, पर गिऱ्हाईक ऐकत न्हाई." दोन-तीन शनिवार त्यानं फटाके बंद ठेवलेही.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी अण्णा काठावर गवत कापत होते. मागं अचानक फटाक्यांची माळ लागली. ते सरळ पाण्यात उतरले आणि गळ्यापर्यंत बुडून उभे राहिले. आवाज थांबला तरी बाहेर येईनात. पप्पूनं आणि त्याच्या माणसांनी ओढून काढलं, तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते.

न्यूमोनिया झाला. दवाखान्यात यशोधरा उशाशी बसली होती.

"ताप हाय का मला?" अण्णांनी विचारलं.

"थोडा आहे."

"तरी जातो मी पुढं. धोंडिबाला सांग, थांब म्हनावं."

"सांगते," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माजी सैनिक आले, त्यांनी फोटोला सलामी दिली, शौर्यावर भाषणं केली. शेवटी भामाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "लडाईचं मला ठावं न्हाई. पर पोरीचं केस इंचरताना त्याचं हात थरथरायचं, त्ये म्या बघितलंय."

घराला कुलूप लावून यशोधरा सोमाटण्याला परतली. पप्पूनं फोनवर विचारलं होतं, अंगणात गिऱ्हाइकांच्या गाड्या लावल्या तर चालेल का. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. महिन्याभरानं आली, तेव्हा अंगणातल्या अण्णांच्या मेथीच्या वाफ्यावर एक पांढरी गाडी उभी होती. गाडीच्या कडेनं अंग चोरत ती दारापर्यंत गेली.