दोघांना अडवून धरणारा जावई

वैशालीचा फोन दुपारी आला. "आई, गॅस बंद कर आणि बूट घाल. शेजारची मेलिसा तुला हॉस्पिटलमध्ये घेऊन येतेय." माझी मुलगी त्याच हॉस्पिटलात रुग्णांकडून व्यायाम करून घेते, पण मला तिथे कधी बोलावत नाही. मी कुकर उतरवला, बूट घातले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. डॅरेल, माझा जावई, सकाळी शाळेच्या मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवायला गेला होता. तिथेच खाली बसला तो उठला नाही. हृदय बंद पडलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

मी मूळची कराडची, शाळा चौथीपर्यंत. मालक गेल्यावर इकडे अमेरिकेत, नोव्हायला, मुलीकडे राहायला आले. वैशालीने डॅरेलशी लग्न ठरवलं तेव्हा मी फोनवर विचारलं होतं, "करतो काय?" ती म्हणाली, "फुटबॉल खेळतो." मी म्हटलं, "ते झालं. पोटासाठी काय करतो?" इथे खेळावरच पोट भरतं, चांगलं भरतं, हे मला पुढे कळलं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, व्यायामाला ही होती, तिथेच जमलं. तो काळा, आणि आमच्या दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच. नातेवाईक काय काय बोलले ते आता लिहीत नाही. मी त्याला 'अहो' म्हणायची, जावई म्हणून. तो मला 'तू' म्हणायचा, कारण वैशालीच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच मराठी त्याला येत होतं. मी ते कधी सुधारलं नाही.

इथला फुटबॉल पायाने खेळत नाहीत. चेंडू हातात घेऊन पळतात, आणि पळणाऱ्याला अडवायला जी रांग उभी असते तिच्या अगदी मधोमध डॅरेल. लाइनमन म्हणतात त्याला. एक हात जमिनीला टेकून ओणवं व्हायचं आणि चेंडू हलला की समोरच्याच्या अंगावर जायचं. खेळ सुटल्यावर तो मला त्याचे जुने सामने टीव्हीवर लावून दाखवायचा. मी आपली चेंडूकडे बघायची. "आई, बॉल नको बघू. मला बघ," तो म्हणायचा. बघावं तर हा दोन धिप्पाड माणसांत अडकलेला, आणि चेंडूवाल्याला पाडणारा तिसराच कोणीतरी. "मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "दोघांना होल्ड केलं. म्हणून तो फ्री." टाळ्या मात्र त्या तिसऱ्याला. मी तसं म्हटलं तर तो हसला. म्हणाला, "हाच माझा जॉब होता."

कराडला तालमीतले पैलवान मी जवळून पाहिलेत. शरीर कमवायचं, ते टिकवायला खायचं, आणि एक दिवस कुस्ती सुटते पण शरीर तसंच अंगावर राहतं. डॅरेलचं तेच झालं. सरावाच्या दिवसांत एक माणूस खोलीवर आला आणि म्हणाला, कोचने बोलावलंय, सामान घेऊन चल. म्हणजे संघातून काढलं. संपलं. घरी आला आणि बॅग मांडीवर घेऊन बसून राहिला... वैशालीने ती काढून घेतली तेव्हा तो बूट काढायला वाकला.

वैशाली दिवसभर कामावर. शाळेची सुट्टी असली की घरात आम्ही दोघंच. मी वाढायची, तो जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा. थोड्या वेळाने परत यायचा आणि टेबलाशी बसायचा. "आई, भूक." मी परत वाढायची. आपल्याकडे जावयाने स्वतःहून मागून घेतलं की सासूच्या हाताला चव आहे म्हणतात. मी बहिणीला कराडला फोन करून सांगायची, आणि ती म्हणायची, "नशीब काढलंस गं." असं बरेच दिवस चाललं. पहिलं जेवण त्याला आठवतच नाही, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

वैशालीला वेगळंच दिसत होतं. तिच्यावर खेकसायचा, नाहीतर बोलायचाच नाही. एकदा भर रस्त्यात गाडी थांबवून तिला म्हणाला, उतर. ती वरच्या खोलीत झोपायला लागली. मला म्हणाली, "आई, त्याचं माझ्यावरचं मन उडालंय. मी वेगळी राहणार." मी म्हटलं, "राहा. आधी डॉक्टरला तरी दाखव त्याला." "त्याला जायचंच नाहीये आई, मी काय उचलून नेऊ?" त्या माणसाला उचलणार कोण...

एकदा मी मागच्या पायरीवर मटार सोलत होते. डॅरेल शेजारी येऊन बसला. "आई, मी गेलो की डॉक्टरला माझं ब्रेन बघू दे. आत्ता नीट नाही दिसत. नंतर दिसतं. पण लगेच करायचं, लेट नाही." इतकी वर्षं डोक्यावर डोकं आपटलं, त्यातून असं होतं, त्याच्या जुन्या सोबत्यांचं झालं होतं, हे त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, "बायकोला सांगा." "सांगितलं तर ती राहील. सॉरी फील करून राहील. तसं नको." "मग मला का सांगता?" "तू रडत नाही." हे खरं होतं. मी सोलत राहिले. तोही शेंगा सोलायला लागला. दाणे कमी, टरफलं जास्त.

हॉस्पिटलात त्याची आई रूथ आधीच पोचली होती. चर्चची बाई. दफन कुठे, कपडे कुठले, असं बोलत होती. मी वैशालीला म्हटलं, "मला बोलायचंय. मी सांगते तसं तिला इंग्रजीत सांग." "आई, आत्ता नको." "आत्ताच." मी एकेक वाक्य बोलत गेले. तो म्हणाला, माझं डोकं डॉक्टरांना बघू दे. वैशालीने सांगितलं. तो म्हणाला, मी असा का झालो ते कळू दे. तेही सांगितलं. तो म्हणाला, वैशालीला सांगू नको, ती कीव येऊन राहील... तिथे वैशाली थांबली. ते वाक्य तिने इंग्रजीत केलंच नाही. रूथ विचारत होती, "व्हॉट डिड शी से, बेबी?" वैशाली भिंतीला टेकून खाली बसली. रूथ मला म्हणाली, मी त्याला अख्खा जन्माला घातला, अख्खाच मातीत ठेवणार. एवढं इंग्रजी मला कळलं. मग तिने खाली बसलेल्या सुनेकडे पाहिलं आणि मानेनेच 'हो' म्हटलं. दफन झाल्यापासून रूथ माझ्याशी बोललेली नाही. तिचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मेंदूच्या तपासणीचा रिपोर्ट यायला महिने लागतात म्हणे. वैशाली आता खालच्या खोलीत झोपते, पलंगावर स्वतःच्याच बाजूला. परवा म्हणाली, "आई, त्यात काहीच नाही निघालं तर?" म्हणजे आजार नसलाच, खरंच मन उडालेलं असलं तर.

डॅरेल सकाळची कॉफी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून प्यायचा. सगळं दार भरून जायचं. मी ताट घेऊन अंग चोरून त्याच्या बाजूने निघायची, तो पोट आत घ्यायचा. काल वैशालीचं ताट घेऊन निघाले ती तशीच, चौकटीला अंग घासत. टेबलाशी बसलेल्या वैशालीने वर पाहिलं.

"आई, सरळ ये ना. तिथे कोणी नाहीये."