तात्यांच्या सनईचं पथ्य

लोक विचारतात, एवढे किस्से तुमच्याकडे साठतात कसे? अहो, मी मुद्दाम साठवत नाही, दुकान उघडलं की आपोआप आत येतात! पंचवटीत माझं सनई-क्लॅरिनेट दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक मला 'डॉक्टर' म्हणतं, म्हणून मीही वाद्य परत देताना पथ्य सांगतो. आतून तेलाचा हात द्या, वाजवून झालं की पुसा, उन्हात ठेवू नका. बस्स, इतकंच. पण आमची माणसं पथ्य पाळायला लागली की डॉक्टरच आजारी पडतो.

*

घोटीचे रामभाऊ बँडवाले घ्या. त्यांना म्हटलं, महिन्यातून एकदा क्लॅरिनेटला आतून बदामाचं तेल लावा, थेंबभर.

"बदामाचं? डॉक्टर, आमच्या घरी बदाम फक्त कॅलेंडरवर असतो!"

महिनाभर त्यांना तेल आठवलं नाही. आठवलं ते ऐन लग्नात, आचाऱ्याच्या कढईशेजारी. मिरचीची भजी तळून झालेली, तेल गार झालेलं. रामभाऊंनी त्यातलंच चमचाभर क्लॅरिनेटमध्ये सोडलं!

वरात मांडवाशी आली. रामभाऊंनी फुंक मारली, मग श्वास आत ओढला, आणि डोळ्यांतून धारा लागल्या. नाक लाल, हुंदके चालू. नवरदेवाच्या वडिलांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं.

"रामभाऊ, खरं सांगा. मुलीबद्दल काही ऐकलंय का तुम्ही?"

*

साळवे सर शाळेतून रिटायर झाले आणि क्लॅरिनेट शिकायला लागले. शिस्तीचा माणूस. मी म्हटलं, दोरीला मऊ कापड बांधून नळीतून ओढा, आतली थुंकी पुसली जाते. सरांनी विचार केला, रेशमापेक्षा मऊ काय असणार? कपाटातून मिळालं तसं रेशीम घेतलं, चांगली गाठ मारली आणि ओढलं. अर्ध्यावर अडकलं.

दुकानात मी एका टोकाला, सर दुसऱ्या टोकाला, असा आमचा रस्सीखेचीचा सामना सुरू झाला. तेवढ्यात साळवेबाई रिक्षातून उतरल्या. सर घामाघूम होऊन म्हणाले, "अगं घाबरू नकोस, क्लॅरिनेट वाचेल."

"क्लॅरिनेट गेलं खड्ड्यात! आधी माझा पैठणीचा ब्लाउजपीस काढा!"

*

आता दिंडोरीचे तात्या. द्राक्षबाग आहे, भाजी आहे, आणि वडिलांची शिसवी सनई आहे. गावच्या देवळात काकड आरतीला तेच वाजवतात. त्यांना मी सांगितलं होतं, उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पेटीत थोडा ओलावा राहू द्या, संत्र्याची साल ठेवली तरी चालेल.

"संत्रं कुठलं आमच्याकडं? द्राक्षं लय!"

आणि पठ्ठ्यानं आख्खा घड पेटीत ठेवून झाकण लावलं. पंधरा दिवस बाहेरगावी जाऊन आले आणि थेट आरतीला पेटी उघडली. गाभाऱ्यात असा काही वास सुटला की पुजारी दोन पावलं मागे सरकले.

"तात्या, सकाळी सकाळी?"

"मी नाय घेतली महाराज, सनईनं घेतली!"

*

त्या फजितीनंतर तात्यांनी ओलाव्याची अशी धास्ती घेतली की पुढच्या उन्हाळ्यात सनई कोरडीच पत्र्याच्या खोलीत टांगली. व्हायचं तेच झालं. बोटभर लांब चीर!

दुकानात आले तेव्हा माणूस रडवेला झाला होता. "डॉक्टर, वीस दिवसांवर माझ्या पोरीचं, वैशालीचं लग्न हाय. लहानपणापासून म्हणते, तात्या वाजवतील तरच बोहल्यावर चढंन. माझ्या बापाची सनई हाय ही. काहीपण करा."

मला खरंच वाईट वाटलं. लाकडाचा भुसा आणि गोंद घालून चीर भरली, वरून दोरा आवळला. परत देताना बजावलं, "दिवसाला फक्त दहा मिनिटं. तीही सकाळच्या गारव्यात. जास्त फुंकलंत तर चीर उघडेल, मग मी नाही की सनई नाही. लग्नाच्या दिवशी सकाळची अट सोडतो, पण मिनिटं दहाच."

"दहा म्हंजे दहा," म्हणाले, आणि तिथंच मोबाइलवर अलार्म लावला.

*

लग्नात तात्या मिनिटं जपून वापरत होते. वरात आली, दोन मिनिटं. मंगलाष्टकं संपली, तीन मिनिटं. बाकीची पाच पाठवणीसाठी राखून ठेवली. ठरलं होतं अगदी छान, पण आत्याबाईंच्या गळाभेटी काही संपेनात, आणि तात्यांनी तर सूर आधीच धरलेला. काय वाजवत होता तो माणूस! आईशप्पत, माझे डोळे भरले.

वैशाली गाडीत बसली, काच खाली केली, आणि अलार्म वाजला.

तात्या थांबले. सनई आतून पुसली आणि पेटीत ठेवली.

वैशालीचं रडणंच थांबलं. "तात्या, अर्धंच?"

"डॉक्टरनं सांगितलंय. ऱ्हायलेलं उद्या."

आख्खा मांडव वळून माझ्याकडे बघायला लागला. मी आपला जिलेबीच्या ताटाकडे बघत उभा राहिलो.

*

वैशालीचं सासर माझ्याच गल्लीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गल्ली सनईने उठली. तात्या पहाटेच भाजी घेऊन पंचवटीच्या बाजारात येतात, ते तिथून कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि सनई घेऊन मुलीच्या दारात! बरोबर दहा मिनिटं वाजवली, अलार्म झाला, चहा घेतला, गेले.

तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. गल्लीतल्या लोकांनी घड्याळं लावायची सोडली.

बाराव्या दिवशी जावई निखिल दुकानात आला. डोळे सुजलेले, नाइट शिफ्ट करतो बिचारा.

"काका, तुमच्यापासून काय लपवायचं? मी साडेपाचला घरी येतो, सहाला सनई! तुमच्याच हातात आहे सगळं. ते लाकूड पूर्ण बरं व्हायला अजून किती दिवस?"

खरं तर त्या चिरेला तेवढे बारा दिवस पुष्कळ होते. मी तोंड उघडणार, तोच त्याच्या पाठीमागे लक्ष गेलं. दारात वैशाली उभी होती, हातात कोथिंबिरीची जुडी. तिने ती काखेत धरली आणि दोन्ही हातांची दहा बोटं मला दाखवली.

मी चष्मा पुसला.

"लाकूड आहे हो जावईबापू, घाई करून कसं चालेल? दहा महिने तर लागतीलच!"