डावा खिसा, उजवा खिसा

शिंप्याच्या शेजारी बसायचं तर आपल्या ग्लासावर हात ठेवून बसा, तो म्हणे त्यात काहीतरी टाकतो. त्या तळघरातल्या बारमध्ये दोन वर्षं ही कुजबूज चालू होती.

कुजबूज सोडली मावशींनी. मावशी म्हणजे साठी उलटलेले, टक्कल पडलेले निवृत्त पोस्टमास्तर. दर शनिवारी तिथे पुरुषांवर जीव लावणारे पुरुष जमत, आणि त्या गोतावळ्यात कुणी त्यांना चुकून काका म्हटलं तर मावशी महिनाभर अबोला धरत.

"अगं, नीट बघ," मावशी ब्रदरच्या कानाला लागल्या. "नवा ग्लास आला की याचा हात डाव्या खिशात, मग उजव्या खिशात. खिशात काय मांजर पाळलंय? मध्ये मध्ये पाणी पितो. बारमध्ये येऊन पाणी! येतानाही पोटभर जेवून येतो. बरोबर अकराला उठतो, तोही सरळ चालत. याला एवढं शुद्धीत राहायचंय कशाला, सांग ना!"

ब्रदर इस्पितळात नर्स. आदल्या रात्रीचं काही म्हणता काही न आठवणारी पोरं त्यानं रविवारी सकाळी खाटांवर पाहिली होती. त्यामुळे संशय त्याच्या अंगात मुरलेला. पंचाईत एवढीच, की शिंपी त्याला आवडायला लागला होता.

आणि त्याच शनिवारी ते घडलं. ब्रदर हात धुऊन परतला तर त्याचा ग्लास वीतभर सरकलेला आणि शिंप्याचा हात खिशातून बाहेर येताना. ब्रदरनं ग्लास मोरीत ओतला. त्यात भर म्हणजे शिंपी त्या रात्री अकराला उठलाच नाही. साडेअकराला किंचित डुलत म्हणाला, "टॅक्सीपर्यंत सोडू का?"

"नको," ब्रदर म्हणाला आणि जवळजवळ पळालाच.

मावशींना आता कोण आवरणार! बारवाल्यानं ठरवून टाकलं, पुढच्या शनिवारी शिंप्याला दारातूनच वाटेला लावायचं. ब्रदर म्हणाला, "चार दिवस थांबा. मी बघतो."

बुधवारी दुपारी तो शिंप्याच्या दुकानात गेला. निमित्त होतं शनिवारच्याच शर्टाचं, त्याचं वरून दुसरं बटण गळालं होतं. शिंप्यानं गळ्यातली टेप बाजूला सारली, खिशात हात घातला आणि निळं बटण काढून शर्टावर ठेवलं. हुबेहूब तेच.

ब्रदर एक पाऊल मागे सरकला. "माझं बटण तुमच्या खिशात कसं?"

"तुमच्या ग्लासामागे पडलं होतं. ग्लास सरकवून उचललं. नंतर देणार होतो, तर तुम्ही पळालात."

"आणि दर ग्लासाला खिसे चाचपता ते?"

शिंपी कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं खिसा उलटा केला. कोटाची तीन काळी बटणं काउंटरवर घरंगळली.

"घरून निघताना तिन्ही डाव्या खिशात. एक ग्लास मागवला की एक बटण उजवीकडे. डावा खिसा रिकामा झाला की मी घरी. गेल्या शनिवारी घाईत तुमचं बटणही डावीकडेच टाकलं. अंधारात बोटांना काय कळणार? चौथा ग्लास झाला. रविवारी दिवसभर डोकं धरून बसलो होतो."

"तोंडानं मोजता येत नाही?"

"दुसऱ्या ग्लासानंतर माझं तोंड फार खोटं बोलतं हो." त्यानं सुईत दोरा ओवला. "बारा वर्षांपूर्वी एका बसथांब्यावर जाग आली. पायात बूट नव्हते. रात्री कुणाबरोबर होतो, काय केलं, आठवेना. मग एचआयव्हीच्या तपासण्या. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत तीन महिने झोप नाही. तेव्हापासून बटणं."

ब्रदर काउंटरवर वाकून ती तीन बटणं न्याहाळत राहिला. वापरून वापरून गुळगुळीत झाली होती.

"हे शिवायचे किती?"

"काही नाही. शनिवारी माझ्याशेजारी बसा म्हणजे झालं."

शनिवारी इस्पितळातून फोन आला तेव्हा ब्रदर स्वतःचा ग्लास शिंप्याच्या हातात देऊन बाहेर गेला. बारवाला बघतच राहिला. मावशींनी मात्र नवीन बातमी हाती घेतली: या दोघांचं काहीतरी आहे.

शिंप्यानं कुणाच्याही ग्लासात कधी काही टाकलं नव्हतं. तो आपले ग्लास मोजत होता.