हळदीचा पहारा

कसबा बावड्यात धार काढावी तर आकाराम आप्पानंच. गल्लीला हे ठाव हाय, आन ज्याला ठाव न्हाय त्याला आप्पा स्वतः सांगतोय. सातवीत शाळा सुटली, पण पाठची चार भावंडं ह्याच हातांनी काढलेल्या दुधावर वाढली. वय अडुसष्ट, तरी पौषात अंगाला स्वेटर लागलेला न्हाय. हौदात हात बुडवायचं, कास धुवायची, मोरी म्हशीखाली बसायचं. चरवी फेसानं भरून वर यायची.

यंदा थंडी पडली आन मोरी सकाळची पान्हा चोराय लागली. सहा लिटरची म्हैस तीनवर आली. वर लाथबी झाडती! दुपार कलल्यावरच्या धारंला मात्र गप उभी.

"पहाटं आदूगर कुणीतरी पिळतंय," आप्पाच्या मनानं घेतलं. संशय फिरून फिरून पंधरा वर्सांनी धाकट्या भावावर, जयसिंगवर बसला. परवाच म्हणालता, "दादा, आता सकाळची धार माझ्याकडं दे की." एवढं गोड कोण उगंच बोलतंय व्हय?

आप्पानं संध्याकाळीच मोरीच्या चारी सडांना हळद फासली. चोराचा हात पिवळा झाल्याबिगर ऱ्हाणार न्हाय! सकाळी बघतोय तर हळद जशीच्या तशी, आन जयसिंगचं हात स्वच्छ. आप्पा कास धुऊन खाली बसला. मोरीनं लाथ घातली, चरवी कलंडली.

"बाजूला सर दादा, मी बघतो." जयसिंगनं त्याच हौदात हात धुतलं, बसला, आन मोरीनं पान्हा सोडला की!

"शिकवून ठेवलीस हिला! पन्नास वर्सांच्या वर धार काढतोय मी, मला फशिवतोस?"

जयसिंगची पोरगी श्रुती नर्सिंगला हाय. तिनं हौदाच्या पाण्यानं दोन बादल्या भरल्या. "दोघंबी हात बुडवा. मी घड्याळ लावते."

"बादल्या बदल," आप्पा म्हणाला. "ह्याची कोंबट आसंल."

बदलल्या. हात बाहेर काढल्यावर घटकाभरात जयसिंगचं हात लालभडक, गरम. आप्पाचं पांढरंफटक, तसंच गार.

"आप्पा, थंडीत कातडीतल्या रक्ताच्या नळ्या आवळत्यात. तरण्या हातात त्या मधनंच सैल पडून गरम रक्त सोडत्यात. वय झालं की ते कमी व्हतंय. हात लौकर तापत न्हाय."

"मला तर गार लागत न्हाय!"

"गार कळायचंबी कमी व्हतंय."

"पुस्तकात कायबी छापत्यात," म्हणत आप्पानं तोच हात जयसिंगच्या मानेवर ठेवला.

"आयंऽऽ!" जयसिंग हातभर उडाला. त्याच्या लाथंनं बादली गोठाभर गडगडली. अगदी मोरीगत.

आप्पा हसला न्हाय. स्वतःचं तळवं उलटंपालटं करून बघितलं. चोरी तर झालीच न्हवती.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोंबट पाण्यात हात धुतलं, चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरला. मोरीखाली बसायच्या आधी भावाला हाक मारली, "जयसिंग, मान हिकडं कर."

जयसिंगनं मान दिली. आप्पानं तळवा टेकवला, तरी तो हलला न्हाय.

"खरं सांग," आप्पानं डोळं बारीक केलं, "मुद्दाम दम धरला न्हाईस न्हवं?"

"न्हाय रं दादा. बस आता, म्हस वाट बघती."

आप्पा बसला. पयली धार चरवीत वाजली, तरी त्याची एक नजर जयसिंगच्या मानेवरच व्हती.