आईच्या गोळ्या आणि माझं लाल पत्रक

मोबाईलवर फिरणारी खोटी आरोग्यमाहिती समूळ नष्ट करायची, असं मी एका दुपारी ठरवलं आणि त्या तडाख्यात सगळ्यात आधी माझी आईच सापडली.

ताडकळसच्या आमच्या घरात मी पाळण्यापेक्षा पत्रकांच्या गठ्ठ्यांवर जास्त झोपलो आहे. आबांनी (म्हणजे वडिलांनी) शेतमजुरांसाठी आयुष्यभर पत्रकं काढली. त्यांचा नियम एकच: विरोधकाचं म्हणणं आधी मोठ्या लाल अक्षरांत मांडायचं, मग खाली त्याच्या चिंध्या करायच्या!

मीही तेच केलं. वर लाल अक्षरांत लिहिलं, 'शुगरच्या गोळ्या फेका! कडुलिंबाचा पाला खा!' खाली अकरा परिच्छेद: हे धादांत खोटं कसं, माहिती कुणी लिहिली, कधी लिहिली, सरकारी आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर ती आहे का, हे कसं पाहावं. (शेवटी क्रांतीचं आवाहनही होतं.) त्याचा एकच लांबलचक फोटो करून सगळ्या ग्रुपांवर सोडला आणि बाजेवर पडलो. वारा तुरीच्या फुलांवरून येत होता. डोळे मिटले, तर गावोगावी माणसं पारावर बसून माझा सातवा परिच्छेद मोठ्यानं वाचताहेत! एक म्हातारा तर गहिवरलासुद्धा!

प्रत्यक्षात इतका लांब फोटो मोबाईल आखडून दाखवतो. दिसतो फक्त वरचा तुकडा. तो उघडून खाली वाचायचे कष्ट कोण घेणार?

आठवड्यानं आई अंगणात शेवग्याकडे बघत, हसत बसलेली दिसली.

"आई, काय बघायलीस?"

"शेवगा. लय सुंदर दिसायलाय रे. कडा पुसट पुसट, धुक्यात असल्यावानी."

धुकं? भर दुपारी बारा वाजता?

"झोप बी लय गोड यायलीय," तिनं तिसरा तांब्या संपवला. "तहान तेवढी सारखी लागती."

मी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "शुगरची गोळी घेतलीस का?"

"सोडली की! आठ दिस झाले. बोरीच्या मावशीनं पाठवलंय बघ." तिनं मोबाईल पुढं केला. "लय शिकल्याल्या माणसानं लिवलंय म्हणं."

माझीच लाल अक्षरं माझ्याकडे रोखून बघत होती.

आईला मोटारसायकलवर घालून आरोग्य केंद्र गाठलं. सिस्टरनी शुगर तपासली आणि आकडा बघून थेट डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी आईला तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

"काकू, अजून थोडा उशीर झाला असता तर परभणीला अ‍ॅडमिट व्हावं लागलं असतं," सिस्टर म्हणाल्या. "कुण्या दीडशहाण्यानं लिहिलंय हे?"

"मी." (तत्त्वनिष्ठ माणूस खोटं बोलत नाही.) "पण सिस्टर, खाली अकरा परिच्छेद..."

"खाली कशाला? वरच लिहायचं ना! गोळ्या बंद करू नका. संपलं!"

चार शब्द! आमच्या घराण्यात एवढ्यात तर नमस्कारसुद्धा होत नाही! तरी निमूटपणे तेवढंच लिहिलं आणि आधी बोरीच्या मावशीला पाठवलं.

महिनाभरात आईची शुगर उतरली, शेवग्याला पुन्हा नीट कडा आल्या. मी तिच्याशेजारी बसून आरोग्य खात्याचं संकेतस्थळ उघडून दाखवलं आणि शिकवणी संपवताना विचारलं, "मग? आता मोबाईलवर काही आलं तर काय करायचं?"

"कुणी लिवलंय ते आधी बघायचं," आई शहाण्या विद्यार्थ्यासारखी म्हणाली, "आन् तू लिवलेलं असलं तर सिस्टरला इचारायचं."

हल्ली मीही तेच करतो.